चढाला पाय पुढे

जव्हार आणि मोखाडा या दोन्ही तालुक्यांतल्या तमाम स्त्रीपुरुषांना, जीपवाल्यांना, दुकानदारांना, दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्यांना आणि तिथे बसायला जागा न मिळालेल्यांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, आरोग्यसेवक देवराम भोये, राहणार जामसर, यांनी गेल्या आठवड्यातल्या बुधवारी दुपारी एका चालू वादातून, समोरच्या पक्षाला कोणतीही पूर्वसूचना न देता, कायमची माघार घेतली आहे. वादाचा निकाल लागलेला नाही. समोरचा पक्ष मी आहे.

देवराम, हे मी दुकानात उभं राहून, एक हात छातीवर ठेवून माझ्या बायकोला, रझियाला, वाचून दाखवलं. ती रडली आणि मग म्हणाली, "आप सुधरोगे नहीं." तू असतास तर म्हणाला असतास, "युसुफ, माणूस मेल्यावर तरी नाटक बंद कर." मी म्हणालो असतो, "मेलास तू, मी कशाला बंद करू?" आणि मग चहा आला असता.

आज नऊ दिवस झाले. लोक येतात, तू किती चांगला होतास ते मला सांगतात. मी मान हलवतो. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट फिरते आहे. बुधवारी मी तुला आडवं केलं, तुझे पाय वर घेतले, आणि तू "बसव, बसव" म्हणत असताना तुझ्या खांद्यावर हात ठेवून तुला दाबून धरलं. ते बरोबर केलं की चूक, हे मला खरं खरं सांगेल असा अख्ख्या तालुक्यात एकच माणूस होता.

म्हणून पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे. पण तू नेहमी तक्रार करायचास की गोष्ट सांगताना मी पदरचं घालतो, आणि मधेच अडवायचास. आता अडवता येत नाही तोवर सांगून घेतो.

तेव्हा माझी काळी-पिवळी नवी होती. म्हणजे माझ्यासाठी नवी. माझ्याआधीच्या तीन मालकांनी तिची हौस फेडून घेतली होती. अब्बांच्या शिंप्याच्या दुकानात मशीनवर बसून माझे पाय आखडायचे, म्हणून मी जीप घेतली होती आणि जव्हारहून मिळेल त्या दिशेला माणसं नेत होतो. पावसाळ्यात वांगणीच्या रस्त्यावर तू हात दाखवलास. खांद्याला सरकारी पिशवी, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"गाडी लाव न् चल खाली."

"मी ड्रायव्हर आहे, डॉक्टर नाही."

"पाय हायेत ना तुला?"

ही आपली ओळख. रस्त्याच्या खाली, ओहळाच्या पलीकडे चारपाच घरांचा पाडा होता. तिथल्या सोमाला आदल्या दिवसापासून जुलाब आणि उलट्या. घरच्यांनी मायेने जे जे सुचलं ते सगळं केलेलं होतं. त्याला चुलीजवळ मेढीच्या खांबाला टेकवून बसवलं होतं. अंगावर दोन घोंगड्या, तळपायांना तापवलेला दगड, बायको हात चोळत होती. हात थंडगार, कपाळावर घाम. तू आत गेलास आणि कोणाला काहीही न विचारता त्याच्या अंगठ्याचं नख दाबून सोडलंस. नख पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. मग माझं नख दाबलंस. सोडल्याबरोबर लाल.

"बघितलास?" तू म्हणालास. मी बघितलं होतं. कळलं काहीच नव्हतं.

मग तू चुलीतली लाकडं बाहेर ओढलीस, दगड बाजूला केलास आणि सोमाला सपाट झोपवलंस. घरात आरडाओरडा झाला. सोमाची आई तुझ्या अंगावर धावून आली. "पोर थंड पडलाय, न् तू विस्तव काढतोस?"

"घोंगडी राहू दे, आई. विस्तव नको. त्यानं हात तापतील, जीव नाय तापायचा."

मग मला, बाहेर ओटीवर, तू समजावलंस. अंगातलं पाणी तुटलं की शरीर स्वतःच हातापायांचे नळ बंद करतं. आहे तेवढं रक्त आतल्यांना, मेंदूला आणि काळजाला. आपण शेकतो तेव्हा त्याने बंद केलेले नळ आपण उघडतो. मग आतल्यांनी काय प्यायचं? मी म्हणालो, "म्हणजे हातपाय सावत्र?" तू म्हणालास, "टंचाईत, हो." याला शॉक म्हणतात, हेही तेव्हाच सांगितलंस. रक्त फिरतं, पण पुरेसं पोचत नाही.

पिशवीत मीठ-साखरेची पाकिटं होती, पण सोमाच्या पोटात घोटभरही ठरत नव्हतं. त्याला सलाईन हवं होतं आणि सलाईन जव्हारला होतं. घोंगडी बांबूला बांधून झोळी केली, सोमाला तिच्यात घातलं, दोघांनी बांबूला खांदा दिला. आणि तू म्हणालास, "पाय पुढं."

देवराम, त्या क्षणी त्या घरात जी शांतता पडली, तशी मी नंतर गणपतीतल्या कितीतरी नाटकांत प्रेक्षकांकडून मिळवायचा प्रयत्न केला. मिळाली नाही. सगळे जागच्या जागी उभे.

"पाय पुढं मढ्याचं," सोमाची आई हळू म्हणाली. "माझा पोर जिता हाय."

"जिता राहावा म्हणूनच सांगतो. वर चढायचाय ना आपल्याला? चढाला पुढचा टोक वर जाणार. डोकं पुढं ठेवला तर डोकं वर न् पाय खाली. आहे नाय ते रक्त पायांत उतरेल. पाय पुढं ठेवू, म्हणजे डोक्याला मिळेल."

"तुझ्या रक्ताचा तुला ठावं. पाय पुढं करून निघाला तो मागारी येत नाय. वाटेवर वाघोबा देव हाय, त्याला काय वाटंल? मेला म्हणून मोकळा होईल तो."

मी असतो तर वाद घातला असता. तू घातला नाहीस. तू त्याच मातीतला होतास, आणि त्या बाईला खुळी समजायची चूक तू कधीच केली नाहीस. तू खाली बसलास आणि तिला विचारलंस, "मग काय केला तर चालंल?"

ती विचारात पडली. मग म्हणाली, कोणीतरी पुढे चालायचं. वाटेतल्या झाडांना, दगडांना, देवाला, माणसाला मोठ्याने सांगत जायचं, की हा जिता आहे.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी त्या भूमिकेसाठीच जन्माला आलो होतो.

तर असा तो चढ आपण चढलो. पुढे मी, हात वर करून, "जिता हाय! जिता हाय हो!" मागे सोमाचे तळपाय, त्यांच्या मागे सोमा. मधे ओहळ आला, वाट खाली उतरली, आणि तू ओरडलास, "थांबा! आता डोकं पुढं!" झोळी फिरवली. ओहळ ओलांडला, पुन्हा चढ, "थांबा! पाय पुढं!" तिसऱ्यांदा फिरवताना बांबूखालचा एक गडी वैतागला. "भोयेदादा, एकदा काय ता ठरवा. ह्याला न्यायचाय का मिरवायचाय?" मी आणखी जोरात ओरडलो. तेव्हा झोळीतून सोमाचा बारीक आवाज आला, "कोन जिता हाय?"

"तू!" मी म्हणालो. तू हसलास. तुझं हसू मी पहिल्यांदा बघितलं ते तिथे.

जीपमध्ये त्याचे पाय स्टेपनीवर ठेवले. दवाखान्यात दोन्ही हातांना सलाईन लागलं, आणि तिसऱ्या दिवशी सोमाने नागलीची भाकर मागितली. त्याची आई गावभर सांगत सुटली की पोरगा वाचला तो जीपवाल्याच्या ओरडण्याने. तू तिला कधीही दुरुस्त केलं नाहीस. या एका गोष्टीचा मी पुढे किती वर्षं फायदा घेतला, ते तुला माहीत आहे.

त्यानंतर ते आपलं ठरूनच गेलं. झोळी निघाली की मी पुढे. पाड्यांवर मला "जितावाला" म्हणू लागले. आयाबाया आपणहून सांगायच्या, "पाय पुढं घ्या, पन जितावाला कुठं हाय?" सगळेच वाचले असं नाही. एकदा वाटेतच माझा आवाज बसला, कारण तू मागून नाही अशी मान हलवली होतीस. त्याबद्दल लिहीत नाही.

आणि जीपच्या बॉनेटवर तुझी शाळा. गाडी तीन कारणांनी बंद पडते, तू सांगायचास. टाकी रिकामी, पंप नादुरुस्त, नाही तर पाईप ढिले. माणसाचंही तसंच. टाकी मला समजली होती. सोमाची टाकी रिकामी होती, बाळंतिणीचं रक्त जातं तेव्हाही टाकीच. भरा, पाय वर घ्या, पळा. मी तुला म्हणालो, झालं, मला आला शॉक. तू म्हणालास, "तुला एक तृतीयांश आला."

पाईप मला मोखाड्याच्या बाजूला कळला. कळला म्हणजे काय, अजून नाहीच कळला. बाळंत होऊन चार दिवस झालेली एक पोर होती, अंगात ताप. तू नदीपलीकडच्या घरी होतास, मी आधी पोचलो. मी रुबाबात तिचा हात हातात घेतला. गरम. नख दाबलं, लगेच लाल. मी घरच्यांना सांगितलं, घाबरू नका, भोयेदादा येईपर्यंत चहा टाका. चहा झाला, मी प्यालो. तू आलास, तिच्या श्वासाकडे बघितलंस, तिला नाव विचारलंस. तिने आईचं नाव सांगितलं. लघवी कधी झाली विचारलंस, तर कालपासून नाही. दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलंस आणि उठलास. "उचला."

"पण हात गरम आहेत," मी म्हणालो.

"म्हणूनच."

वाटेत सांगितलंस की जंतू रक्तात गेले की पाईप सैल पडतात. रक्त तेवढंच असतं, पण दाब राहत नाही. हात गरम असतात आणि माणूस आतून सुकत जातो. देवराम, हे "म्हणूनच" मला आजपर्यंत पचलेलं नाही. थंड हात म्हणजे शॉक, आणि गरम हात म्हणजेही शॉक? मग मी बघायचं तरी काय?

ती पोर जव्हारला पोचली, तिथून नाशिकला गेली आणि दुसऱ्या दिवशी वारली. त्या चहाबद्दल तू मला एक अक्षर बोलला नाहीस. त्या दिवशी नाही, पुढे कधीच नाही. भांडणात मी तुझी किती उणीदुणी काढली, तुझ्या हातात एवढं मोठं हत्यार होतं, आणि तू ते कधी बाहेर काढलं नाहीस. त्याबद्दल तुझे उपकार मानायचे राहून गेले. आणि त्या चहाने फरक पडला का, हे विचारायचंही राहून गेलं.

आपला जुना वाद होता तो नावाचा. मी म्हणायचो, तीन वेगळे आजार आणि नाव एकच, हा डॉक्टरांचा आळस आहे. तीन पोरांना एका नावाने हाक मारल्यासारखं. तू म्हणायचास, कारण काहीही असो, शेवटच्या घरापर्यंत पाणी पोचत नाही, त्या न पोचण्याचं नाव शॉक. मी म्हणायचो, मग औषधही एकच ठेवा. तू म्हणायचास, "तिथंच तर माणूस मरतो. पंपाचा वेगळा असतो, युसुफ, पंपाला..." आणि मी तुला दर वेळी तिथेच तोडायचो. "आधी पंपाचा पेशंट दाखव, मग ऐकतो." आपल्या पाड्यांवर तो कुठे सापडायचा? आपल्याकडची माणसं काळीज बिघडायच्या वयाला पोचायच्या आत दुसऱ्याच कशाने जातात, असं तू एकदा म्हणालास. त्या वेळी तू हसला नव्हतास.

मग बुधवार. तू दुकानात आलास, बाकावर बसलास, रझियाकडे चहाऐवजी पाणी मागितलंस. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. तू म्हणालास, नव्या आशाताईंना शिकवायचं आहे, तू ये आणि झोळीचं सांग. मी म्हणालो, माईक असेल तर येईन. तू म्हणालास, शॉकबद्दल बोलायचं, स्वतःबद्दल नाही. मी म्हणालो, फरक काय? "अन् या टायमाला तिन्ही सांगायचे," तू म्हणालास, "पंपाचा पन." मी म्हणालो, पंपाचं काही मी सांगणार नाही, बायका झोपतील. तू उत्तर द्यायला तोंड उघडलंस आणि दिलं नाहीस.

तुझ्या कपाळावर घाम होता आणि डोक्यावर पंखा फिरत होता. चेहरा राखेसारखा. मी तुझा हात धरला, थंडगार. नख दाबलं, पांढरं राहिलं. आता जे लिहितो ते कोणाला सांगितलेलं नाही. पहिल्या क्षणी मला आनंद झाला. सगळी लक्षणं मला येत होती. इतक्या वर्षांनी मास्तरांनीच फळ्यावर बोलावलं होतं.

कापड बेतायच्या टेबलावर तुला झोपवलं. पायांखाली दोन तागे दिले. तू म्हणालास, "बसव."

"गप पड. तूच शिकवलंस."

"बसव रे. दम..."

रझिया ओरडत होती, "अरे बैठने दो उनको! साँस नहीं आ रही!" मी तिच्यावर खेकसलो, "तुझे क्या मालूम? शॉक है ये!" तू कोपरावर उठायला बघितलंस. मी तुझा खांदा दाबला आणि म्हणालो, "देवराम, पड. माझ्यासाठी पड." तू माझ्याकडे बघितलंस आणि पडलास. मग उठायला बघितलं नाहीस. जीपमध्येही तुझे पाय वर होते.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तुला बघताक्षणी बसतं केलं. ऑक्सिजन लावला. नळीने छाती ऐकून म्हणाल्या, फुफ्फुसात पाणी भरलंय. मी म्हणालो, "आणि पाय?" त्या म्हणाल्या, "पाय खाली." दिवस मावळायच्या आत तू गेलास.

मी त्यांना गाठलंच. त्या म्हणाल्या, "काका, फार मोठा झटका होता. पंपच गेला होता. तुमच्यामुळे काही झालेलं नाही."

"पण पाय वर घेणं बरोबर की चूक?"

"या शॉकमध्ये नाही घ्यायचे. रक्त आधीच पुढे ढकललं जात नाही, त्यात पायांतलं आणून ओतलं की ते फुफ्फुसात साचतं. दम लागलेल्याला बसवायचं."

"म्हणजे चूक."

"चूक. पण फरक पडला नसता."

नऊ दिवस मी हे वाक्य उलटंसुलटं करून बघतोय. चूक, पण फरक पडला नसता. हे त्यांना कुठून कळलं? का हे त्या सगळ्यांनाच सांगतात? सोमाला पाय वर घेऊन वाचवलं, तुला पाय वर घेऊन... इथे मला क्रियापद सापडत नाही. दोघांचे हात सारखेच थंड होते. दोघांची नखं सारखीच पांढरी. तुला दम लागला होता आणि त्याला नव्हता, एवढाच फरक होता, आणि तो तू मला तोंडाने सांगत होतास. कधी वाटतं, तू असतास तर म्हणाला असतास, "जाऊ दे रे, माझा पंप तसाही गेलाच होता." कधी वाटतं, म्हणाला असतास, "मी बसव म्हणत होतो ना? ऐकायचं होतंस." दोन्ही तुझ्याच आवाजात ऐकू येतं. कोणतं खरं, ते ओळखता येत नाही.

तुला नेलं तेव्हा सोमा आला होता. केस पिकलेत त्याचे. त्याने खांदा दिला आणि शेवटपर्यंत बदलू दिला नाही. मी सगळ्यांच्या मागे चाललो, तोंड मिटून.

पाचव्या दिवशी जामसरला तुझ्या घरी गेलो. मंजुळावहिनी ओटीवर बसल्या होत्या, भोवती बायका, अंगणात तुझा थोरला भाऊ आणि शेजारपाजार. मी ठरवून गेलो होतो की नाटक करायचं नाही. खाली बसलो आणि सगळं सांगितलं. टेबल, तागे, तुझं "बसव", माझा हात तुझ्या खांद्यावर, डॉक्टरीणबाईंचं "चूक". मी म्हणालो, "वहिनी, तो उठत होता. मी उठू दिला नाही."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं.

"मग? पडून राहिला?"

"हो. मी म्हणालो पड, आणि पडला."

"परत उठाया नाय बघितला?"

"नाही."

वहिनींचा चेहरा तांबडा झाला. मला वाटलं, आता माझ्या कानाखाली बसणार, आणि बसावी असंही वाटलं. त्या ताडकन उभ्या राहिल्या आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आठ दिस त्याच्या छातीत कळ येत होती, आठ दिस मी पाया पडून सांगतेय, ड्युटी टाक न् पड जरा, तर माझ्यासाठी घडीभर आडवा नाय झाला, न् तू म्हणालास तर लगेच पडला?"